जहाज ओळखायचं कशानं? ७×५० दुर्बीण, एआयएस ॲप आणि घरचा रिसीव्हर यांचं परीक्षण

मालवाहू जहाजांचं वेड बहुधा लहानपणीच लागतं, आणि एकदा लागलं की सुटत नाही. क्षितिजावर काळा ठिपका दिसला की प्रश्न ठरलेले: कुठलं जहाज, कुठून आलं, कुठे चाललं, पोटात काय आहे? या प्रश्नांची उत्तरं देणारी तीन साधनं आज सहज मिळतात. दुर्बीण, जहाजांचा माग दाखवणारं ॲप, आणि जहाजांचे रेडिओ संदेश थेट पकडणारा घरचा छोटा रिसीव्हर. तिन्ही एकत्र घ्यायची गरज नाही, आणि क्रम चुकला तर पैसे वाया जातात. आमचा क्रम असा: आधी दुर्बीण, तिच्या जोडीला ॲपची मोफत आवृत्ती, समुद्र खरोखर जवळ असेल तर रिसीव्हर, आणि ॲपची पैसे भरायची वर्गणी सगळ्यात शेवटी.

दुर्बिणीपासून सुरुवात करू. दुकानात गेलं की १०×५० किंवा १२×५० (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिमीतल्या व्यासाचा) पुढे केली जाते, कारण मोठा आकडा विकायला सोपा. जहाजं बघायला मात्र ७×५० च घ्यावी. हात नेहमीच थोडे थरथरतात आणि दुर्बीण जितकी पट मोठं दाखवते तितकीच ती थरथरही मोठी करते. सातपटीला ती चालून जाते. दहापटीला कठड्यावर कोपर टेकवावं लागतं. बारापटीला तिवई नसेल तर अक्षरं वाचताच येत नाहीत. दुसरं कारण उजेडाचं. ५० मिमीच्या भिंगाला ७ ने भागलं की ७.१ मिमी येतात; डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा हा व्यास. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण एवढीच उघडते, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला ही दुर्बीण जितकं उजळ दाखवते तितकं त्याच भिंगाची १०×५० दाखवत नाही. वयानुसार बाहुली कमी उघडते, त्यामुळे पन्नाशीपुढच्या माणसाला ७×४२ ही पुरते आणि वजनाला बरीच हलकी पडते. तिसरं कारण आवाक्याचं. चांगल्या ७×५० मधून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, त्यामुळे ॲपवर दिशा पाहून दुर्बीण उचलली की जहाज शोधत बसावं लागत नाही.

आता खरा प्रश्न: हिने वाचता काय येतं? निरोगी डोळ्याला अक्षर वाचायला ते निदान पाच कोनीय मिनिटांएवढं (एका अंशाच्या बाराव्या भागाएवढं) दिसावं लागतं. जहाजाचा आयएमओ क्रमांक (जहाजाची कायमची सात आकडी ओळख) हल्लीच्या नियमाप्रमाणे बाहेरून दिसेल असा कायमचा कोरलेला किंवा उठावाचा असतो आणि त्याची उंची किमान २०० मिमी असते. एवढं अक्षर नुसत्या डोळ्यांनी जेमतेम १३५ मीटरवरून वाचता येतं. सातपटीने तेच अंतर साडेनऊशे मीटरपर्यंत जातं. हा कागदावरचा हिशेब झाला. दमट हवा, हाताची थरथर आणि गंजलेला रंग यांची वजावट केली की निम्मंच अंतर धरावं. म्हणजे जहाज बंदराच्या चॅनेलमधून चारपाचशे मीटरवरून जात असेल तर क्रमांक वाचता येईल, बाहेर नांगरावर असेल तर नाही. नाळेवरच्या (जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या) नावाची अक्षरं याहून बरीच मोठी असतात, आणि कुशीवरची कंपनीची अक्षरं तर कित्येक मीटर उंच. ती दहा किलोमीटरवरूनही लागतात. त्यामुळेच एक घोटाळा नेहमी होतो. २३ ते २९ मार्च २०२१ या काळात सुएझ कालवा अडवून बसलेल्या जहाजाला कित्येकांनी 'एव्हरग्रीन' म्हटलं. कुशीवर लिहिलेलं ते कंपनीचं नाव होतं, जहाजाचं नाव 'एव्हर गिव्हन'. जहाजाचं नाव नाळेच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे असतं, आणि पाठीमागे नावाखाली नोंदणीचं बंदरही असतं.

दुर्बीण घेताना पेटीवरची वाक्यं वाचण्यापेक्षा चार गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. पहिली: दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा आणि डोळ्याच्या भिंगातलं उजेडाचं वर्तुळ पाहा. ते पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखं उजळ असेल तर प्रिझम बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचा असावा. कडा कापल्यासारख्या दिसत असतील आणि वर्तुळ चौकोनाकडे झुकत असेल, तर स्वस्त काच आहे. दुसरी: दूरच्या छपराची आडवी रेघ पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर दूर न्या. दोन वर्तुळांतली रेघ एकाच उंचीवर राहायला हवी. एक वर, एक खाली झाली तर दोन नळ्यांचा मेळ बिघडलेला आहे. अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोकं दुखवते, आणि दुरुस्ती घरी होत नाही. पडलेल्या किंवा जुन्या दुर्बिणीत हा दोष हमखास सापडतो, त्यामुळे वापरलेली दुर्बीण ही परीक्षा केल्याशिवाय घेऊच नये. तिसरी: चष्मा लावणाऱ्याने चष्मा न काढता पाहावं. डोळ्याचं अंतर, म्हणजे भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते, १८ मिमीच्या आसपास असेल तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. १० मिमीवाल्या दुर्बिणीत भोकातून पाहिल्यासारखं वाटतं. चौथी: आतून नायट्रोजन भरलेला आहे का आणि आयपीएक्स-७ लिहिलेलं आहे का. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बांधणी. समुद्रात दुर्बीण बुडवायची नसते, पण ही बांधणी नसेल तर पावसाळ्यात आतल्या भिंगावर आधी वाफ धरते आणि मग बुरशी. बुरशीची पांढरी जाळी एकदा काचेवरच्या लेपात शिरली की तो लेप परत येत नाही.

फोकस दोन प्रकारचा असतो. मधल्या चाकाचा, किंवा प्रत्येक डोळ्याचा वेगळा. पक्षी बघणाऱ्याला दुसरा प्रकार नकोसा वाटतो, जहाजं बघणाऱ्याला तोच सोयीचा. दोन्ही डोळे एकदा दूरच्या वस्तूवर लावून घेतले की सातपटीला साधारण पन्नास मीटरपलीकडचं सगळं स्पष्टच राहतं, चाक फिरवायची गरज उरत नाही, आणि हलणारे भाग कमी असल्याने खारं पाणी आत शिरायच्या जागाही कमी होतात.

काही ७×५० मध्ये होकायंत्र आणि मिलची (मिल हे कोन मोजायचं बारीक एकक) मोजपट्टी असते. होकायंत्राचा उपयोग पहिल्याच दिवशी कळतो: दुर्बिणीत २५५ अंश दिसले की ॲपच्या नकाशावर त्याच दिशेला बोट ठेवता येतं. मोजपट्टीचा हिशेब सोपा आहे. वस्तूचा आकार मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, पट्टीवर जितके मिल दिसतात त्याने भागा. २२५ मीटर लांबीचं जहाज पूर्ण आडवं दिसतंय आणि ३० मिल व्यापतंय, तर ते ७,५०० मीटरवर आहे. जहाज तिरकं असेल तर लांबी कमी दिसते आणि अंतर फुगतं, म्हणून हा हिशेब जहाज अगदी आडवं येईल त्या क्षणीच करावा. ही सोय हवी असेल तर वजन वाढणार हे धरून चाला. अशा दुर्बिणी किलोच्या पुढे जातात, आणि पातळ पट्टा तासाभरात मानेला रुततो. रुंद निओप्रीनचा पट्टा त्याच दिवशी घ्यावा.

मुलासाठी ७×५० घेऊ नका. वजन हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण डोळ्यांमधल्या अंतराचं. बहुतेक मोठ्या दुर्बिणी ५६ मिमीपेक्षा जवळ येत नाहीत, आणि लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर पन्नाशीच्या आसपास असतं. मग मुलाला एकाच डोळ्याने दिसतं, ते काही बोलत नाही, आणि दोन दिवसांत दुर्बीण कपाटात जाते. ५० मिमीपर्यंत मिटणारी ६×३० शोधावी. सूर्याकडे दुर्बीण रोखायची नाही हे पहिल्या मिनिटाला सांगावं. समुद्रावर मावळतीकडची जहाजं बघताना हा धोका खरा असतो.

ज्यांना नांगरावरच्या जहाजाचं नाव किनाऱ्यावरून वाचायचं आहे, ते पुढे २०-६० पटीच्या स्पॉटिंग स्कोपकडे, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणीकडे, वळतात. ८० मिमी भिंगाचा स्कोप आणि जड तिवई असेल तर ३० पटीपर्यंत फायदा स्पष्ट दिसतो. त्यापुढे पाण्यावरची तापलेली हवा आड येते: जहाज उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं, आणि पट वाढवली की हलणंच वाढतं. सकाळी लवकर, सूर्य पाठीशी असताना बघावं. दुपारी बारा ते तीन या वेळात महागातला महाग स्कोपही उपयोगाचा नाही.

आणखी एक मर्यादा भिंगाची नाही, पृथ्वीच्या गोलाईची आहे. डोळ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घेऊन ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पाण्यापासून डोळा दोन मीटर उंच असेल तर क्षितिज पाच किलोमीटरवर, पंचवीस मीटर उंच टेकडीवर असाल तर जवळपास अठरा. पाच किलोमीटरपलीकडच्या जहाजाचं बूड वाळूवरून दिसणारच नाही, वरचा ब्रिज (जहाज चालवायची खोली) तेवढा दिसेल. म्हणून दुर्बिणीवर जास्त खर्च करण्याआधी वीस मीटर उंच जागा शोधावी. तिला पैसे पडत नाहीत.

आता ॲप. मरीनट्रॅफिक आणि व्हेसलफाइंडर ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक असतात, आणि मूळ सामग्री दोघांची एकाच प्रकारची: एआयएस, म्हणजे जहाजांनी स्वतःहून रेडिओवर सांगितलेली माहिती. सोलास या सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनेजच्या वरच्या जहाजांना, देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टनेजच्या वरच्या मालवाहू जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना हे यंत्र बसवणं बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना ते २००४ च्या अखेरीपर्यंत लागू झालं, देशांतर्गत जहाजांना २००८ पर्यंत. युद्धनौकांना सक्ती नाही. ही यंत्रं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोलतात. चौदा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आतलं जहाज दर दहा सेकंदांनी आपलं स्थान सांगतं, त्याहून वेगातलं, तेवीस नॉटपर्यंतचं, दर सहा सेकंदांनी, नांगरावरचं दर तीन मिनिटांनी. नाव, प्रकार, लांबी, ड्राफ्ट (बूड पाण्यात किती खोल आहे ते) आणि गंतव्य ही माहिती मात्र दर सहा मिनिटांनीच जाते.

मोफत आवृत्तीबद्दलची सर्वांत मोठी तक्रार 'जहाज दाखवतात तिथे नसतं' ही. यात ॲपचा दोष कमी आणि उशिराचा जास्त असतो. बारा नॉट म्हणजे मिनिटाला ३७० मीटर. नकाशावरची खूण तीन मिनिटं जुनी असेल तर जहाज एक किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं. म्हणून खुणेवर बोट ठेवून आधी 'किती मिनिटांपूर्वी' हे पाहावं, मग वेग आणि दिशा पाहून खूण मनाने पुढे सरकवावी. एवढी एक सवय लागली की मोफत आवृत्ती बंदरापाशी अगदी पुरेशी आहे. वर्गणीत मुख्यतः उपग्रहाने टिपलेली खोल समुद्रातली स्थानं आणि जुना इतिहास मिळतो. किनाऱ्यावर उभं राहून जे दिसतं ते ओळखायला उपग्रह लागत नाही, म्हणून ती वर्गणी आम्ही शेवटी ठेवली. एखादं जहाज महासागर ओलांडतानाही पाहायचं असेल, तर मात्र तिच्याशिवाय इलाज नाही.

ॲपवरची माहिती दोन प्रतीची असते, हे समजून घेणं सर्वांत महत्त्वाचं. स्थान, वेग आणि दिशा यंत्राकडून येतात, त्यामुळे सहसा बरोबर असतात. बाकीचं ब्रिजवरच्या माणसाने हाताने भरलेलं असतं. म्हणून धक्क्याला दोर बांधून उभं असलेलं जहाज 'इंजिनावर मार्गस्थ' असं दिसतं. निघताना बदललेली स्थिती पोचल्यावर कोणी परत बदललेली नसते. गंतव्याच्या रकान्यात जेमतेम वीस अक्षरं मावतात आणि तिथे बंदराचा आंतरराष्ट्रीय संकेत लिहावा अशी अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात मागच्या फेरीचं बंदर, नुसतं 'फॉर ऑर्डर्स' (पुढच्या हुकुमाची वाट), किंवा चाचेगिरीच्या पट्ट्यात 'सशस्त्र रक्षक जहाजावर आहेत' असंही वाचायला मिळतं. पोचण्याच्या वेळेच्या रकान्यात महिना, दिवस, तास, मिनिट असतात, वर्ष नसतंच. त्यामुळे बदलायची राहिलेली जुनी वेळही पुढची वाटू शकते. शिवाय ती वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. ॲप आपल्या घड्याळाप्रमाणे बदलून दाखवतं की नाही हे सेटिंगमध्ये तपासा.

यंत्राने दिलेलं स्थानही कधीमधी खोटं ठरतं, कारण ते उपग्रहाच्या संकेतावर अवलंबून आहे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांची स्थानं जमिनीवरच्या विमानतळापाशी दिसू लागली होती. कुणीतरी खोटे संकेत सोडत होतं. आपल्या नकाशावर जहाजं जमिनीवर किंवा गोल गोल फिरताना दिसली तर ॲप काढून टाकू नका, तासाभराने परत पाहा.

प्रकाराबाबतही सावध असावं. एआयएसमध्ये ७० ते ७९ म्हणजे मालवाहू आणि ८० ते ८९ म्हणजे टँकर, बस. कोळशाचं जहाज आणि कंटेनरचं जहाज दोन्ही सत्तरीतच येतात. ॲपवर 'बल्क कॅरिअर' असं नेमकं लिहिलेलं दिसतं ते त्यांच्या स्वतःच्या यादीवरून, आयएमओ क्रमांकाशी जोडून. क्रमांक चुकीचा भरलेला असेल तर फोटोही भलत्याच जहाजाचा येतो.

म्हणून वहीत नोंद करायची ती आयएमओ क्रमांकाची. नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा (नोंदणीचा देश) बदलला की नऊ आकडी एमएमएसआय (जहाजाचा रेडिओ क्रमांक) हाही बदलतो, कारण त्याचे पहिले तीन आकडे झेंड्याच्या देशाचे असतात: ४१९ भारत, ५३८ मार्शल बेटं, ६३६ लायबेरिया, ४७७ हाँगकाँग. आयएमओचे सात आकडे मात्र बांधणीपासून मोडीत जाईपर्यंत तेच राहतात. शिवाय त्यात चूक पकडायची सोय आहे. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजेच सातवा आकडा. एव्हर गिव्हनचा क्रमांक ९८११०००. नऊ सत्ते त्रेसष्ट, आठ सक अठ्ठेचाळीस, मग पाच, चार, शून्य, शून्य. बेरीज १२०, शेवटचा आकडा शून्य, जुळलं. लांबून ३ आणि ८, किंवा ६ आणि ० यांत गोंधळ होतो तेव्हा हा हिशेब पुष्कळदा जागच्या जागी निकाल देतो. दहा वर्षांच्या मुलालाही तो जमतो, आणि ॲप दाखवण्यापेक्षा हा हिशेब शिकवला तर छंद जास्त टिकतो असं आमचं ठाम मत आहे. क्रमांक हाती आला की इक्वासिस या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून जहाजाची जुनी नावं, चालवणारी कंपनी, वर्गीकरण संस्था (जहाजाची बांधणी तपासून दाखला देणारी) आणि बंदरांत झालेल्या तपासण्या पाहता येतात. ही सार्वजनिक सेवा २००० पासून चालू आहे, आणि नीरस दिसत असली तरी विश्वासाच्या बाबतीत आम्ही तिला कुठल्याही रंगीत ॲपच्या वर ठेवतो.

ॲप जे सांगतच नाही ते दुर्बिणीत दिसतं. पोटात माल आहे का हे ड्राफ्टवरून कळतं, आणि एआयएसमधला ड्राफ्ट हाताने भरलेला असतो. त्यापेक्षा नाळेपाशी पाहा: मीटरच्या खुणांमध्ये आकडा दहा सेंटिमीटर उंच, पुढचा आकडा वीस सेंटिमीटर वर, आणि आकड्याचा तळ म्हणजे तेवढा ड्राफ्ट. पाणी ८ च्या तळाला टेकलं तर दशांश आठ, निम्म्या उंचीवर आलं तर दशांश साडेआठ. एवढे लहान आकडे सातपटीला दोनशे-अडीचशे मीटरच्या आतच वाचता येतात. त्याहून लांब असेल तर रंग पाहा. बुडाचा लाल पट्टा उंच दिसतोय, नाळेखालचा फुगवटा पाण्याबाहेर आहे आणि मागे सुकाणूचा माथा उघडा आहे, तर जहाज रिकामं आहे, बॅलास्टच्या (तोल राखायला भरलेल्या) पाण्यावर चाललंय. जहाजाच्या मध्यावर कुशीला वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ असते, ती भरणीची मर्यादा. रेघेच्या दोन बाजूंची अक्षरं वर्गीकरण संस्थेची: एलआर म्हणजे लॉइड्स रजिस्टर, एनके जपानी, आयआर भारतीय.

सुटा माल नेणाऱ्या जहाजात डेकवरची झाकणं मोजा, म्हणजे होल्ड (मालाची कोठारं) किती ते कळतं. पाच होल्ड आणि मध्ये चार क्रेन असतील तर बहुधा सुप्रामॅक्स (ही जहाजांच्या मापांची नावं). सात होल्ड आणि क्रेन नाहीत तर पनामॅक्स, नऊ होल्ड म्हणजे केपसाइझ. कंटेनर जहाज पाठमोरं आलं की रुंदीत किती पेट्या आहेत ते मोजा. तेरा असतील तर जुन्या पनामा कालव्याच्या मापाचं, सुमारे ३२ मीटर रुंदीचं जहाज. टँकरच्या डेकवर लांबीभर नळ आणि मध्यावर होज उचलायची एक छोटी क्रेन असते. झेंडेही वाचायला लागा: उभा अर्धा पांढरा, अर्धा लाल म्हणजे पायलट (बंदरात वाट दाखवणारा जाणकार) जहाजावर आहे, पिवळे-निळे उभे पट्टे म्हणजे पायलट हवा आहे, नुसता लाल म्हणजे धोकादायक माल. पायलटला उतरवून घ्यायला त्याची बोट जहाजाला बिलगते, तो क्षण बघण्यासारखा असतो.

तिसरं साधन, घरचा रिसीव्हर. ॲपवरची किनाऱ्याजवळची बरीच स्थानं अशाच हौशी लोकांच्या रिसीव्हरांतून येतात. विकत मिळणारे तयार संच चांगले चालतात, पण आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), छोटा संगणक आणि हाताने केलेली अँटेना यांनीही तेच काम होतं. आधी आवाका तपासा. दोन्ही अँटेनांच्या उंचीच्या वर्गमुळांची बेरीज ४.१२ ने गुणा. घरची अँटेना दहा मीटरवर आणि जहाजाची तीस मीटरवर असेल तर ३५ किलोमीटर, म्हणजे १९ सागरी मैल. मध्ये डोंगर किंवा उंच इमारती असतील तर यातलं फार थोडं उरतं. समुद्र आणि घर यांच्यात डोंगर असेल तर हा खर्च करू नका.

डोंगल घेताना तापमान-भरपाईचा क्रिस्टल, म्हणजे टीसीएक्सओ, असलेलाच घ्यावा. साध्या डोंगलमध्ये ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५० भाग) चूक असू शकते. १६२ मेगाहर्ट्झवर ती ८ किलोहर्ट्झहून जास्त होते, आणि एआयएसचा पट्टा २५ किलोहर्ट्झचाच आहे. मग डोंगल चालू, प्रोग्राम चालू, आणि संदेश शून्य. अँटेना पाव-तरंगाची, म्हणजे रेडिओ लहरीच्या पाव लांबीची: मधली उभी तार ४४ सेंटिमीटर, खाली चार तारा ४६ सेंटिमीटरच्या, ४५ अंश खाली वाकवलेल्या. ती उभीच बसवायची, कारण जहाजांचे संकेत उभ्या ध्रुवणाचे असतात. आडवी टाकली तर बहुतेक संकेत गेलेच. डोंगलसोबत येणारी बारीक केबल लांबवू नका. आरजी-५८ जातीची केबल दहा मीटरला संकेतातले साधारण दोन डेसिबल खाते, त्याहून लांब जायचं असेल तर जाड केबल, किंवा डोंगलच अँटेनापाशी नेऊन पुढे यूएसबी वा नेटवर्कची तार आणावी.

जोडणी अशी: अँटेना, केबल, डोंगल, आणि डोंगल संगणकाला थेट न खुपसता हातभर यूएसबी तारेने जोडलेला, म्हणजे संगणकाचा गोंगाट त्यात शिरत नाही. संगणकावर एआयएस-कॅचर हा प्रोग्राम. तो १६२.००० वर बसून दोन्ही चॅनेल एकदम ऐकतो, कारण त्यांच्यात ५० किलोहर्ट्झचंच अंतर आहे. त्यातून निघालेले संदेश यूडीपीने (नेटवर्कवर संदेश पाठवायची एक पद्धत) ओपनसीपीएन या नकाशाच्या प्रोग्रामकडे पाठवले, दोन्हीकडे पोर्ट क्रमांक एकच ठेवला, की नकाशावर जहाजं उमटतात. गेन (संकेत किती वाढवायचा तो आकडा) स्वयंचलित ठेवू नका. मधल्या आकड्यापासून वर चढवत जा आणि मिनिटाला मिळणारे संदेश मोजा. एका टप्प्यानंतर संख्या वाढण्याऐवजी पडते, त्याच्या एक पायरी खाली थांबा. एफएम रेडिओचा मनोरा जवळ असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय संख्या सुधारत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर नुसते नऊ आकडी क्रमांक दिसतात, नावं नाहीत. बिघाड समजून बरेच जण इथेच सगळं सुटं करतात. बिघाड नसतो. नावाचा संदेश सहा मिनिटांनी एकदाच येतो, आणि तो स्थानाच्या संदेशापेक्षा दुप्पटीहून लांब असल्याने संकेत कमकुवत असला की अर्ध्यात तुटतो. तासाभरानंतरही दूरच्या जहाजांची नावं येत नसतील तर अँटेना उंच करा.

सहा महिन्यांनी आवाका कमी झाला तर आधी अँटेनाकडचा जोड उघडून पाहा. खाऱ्या हवेत तांब्याची जाळी हिरवी पडते आणि पाणी केबलच्या आत उतरतं. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. विजा कडाडायच्या आधी केबल काढून ठेवावी. तयार झालेले संदेश मरीनट्रॅफिकसारख्या सेवेला दिले तर त्या बदल्यात वरच्या दर्जाचं खातं मिळतं, त्यामुळे रिसीव्हर लावणार असाल तर वर्गणी आधी भरू नका. रिसीव्हर बसवताना आणि त्यावर जहाजांचं बोलणं ऐकण्याआधी आपल्या देशाचा रेडिओविषयीचा नियम वाचावा. एआयएस घेणं आणि बोलणं ऐकणं यांना सगळीकडे एकच नियम नसतो. बंदराच्या कुंपणाबाहेरच उभं राहावं. जुलै २००४ पासून लागू असलेल्या, जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेच्या आयएसपीएस संहितेमुळे धक्क्यांवर प्रवेश आणि छायाचित्रं यांचे निर्बंध कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत.

घरी आल्यावर दुर्बिणीची भिंगं कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे खडे लेपावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग जलरोधक दुर्बीण असेल तर गोड्या पाण्याची बारीक धार, मग मऊ कापड. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तिचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा.